जखम तीच, मलमपट्टी देशोदेशीची

ज्वारीची काढणी असो की उसाची तोड, विळा-कोयता हाताला लागला नाही असा शेतकरी शोधून सापडायचा नाही. बोट कापले की कुणी हळद दाबतो, कुणी चुना लावतो, कुणी तंबाखूची चिमूट, तर कुणी सरळ बांधावरची माती. हीच जखम अमेरिकेत, जपानमध्ये किंवा चीनमध्ये झाली, तर तिथला माणूस दुकानात जाऊन काय मागतो? प्रश्न वरवर गमतीचा वाटेल. पण जखमेवरच्या मालाची मागणी देशोदेशी कशी बदलते हे पाहिले, तर आपला मध, आपली हळद आणि धरणातला मासासुद्धा या बाजारात कुठे उभा आहे, ते कळून येते.

देश तशी पट्टी

अमेरिकेत घरोघरी चिकटपट्टी असते. तिचा जन्म १९२० सालचा. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीत काम करणाऱ्या अर्ल डिक्सन यांच्या पत्नीचा हात स्वयंपाक करताना वरचेवर कापे. तिला एकटीला बांधता यावी म्हणून डिक्सन यांनी चिकट फितीवर कापसाची घडी बसवली. तीच पुढे ‘बँड-एड’ झाली. दोन वर्षांनी, १९२२ मध्ये, जर्मनीत बायर्सडॉर्फ कंपनीची ‘हान्साप्लास्ट’ आली. तिथे लांब पट्टी घेऊन हवी तेवढी कापून वापरायची पद्धत आजही आहे.

चीनमध्ये जखम म्हटली की लोक ‘युन्नान बायाओ’ मागतात. १९०२ साली युन्नान प्रांतातल्या एका वैद्याने तयार केलेली ही रक्त थांबवणारी पूड. तिची कृती सरकारने गुपित म्हणून जपली आहे. जुनी पूड चिकटपट्टीत घालून कंपनीने परदेशी पट्ट्यांशी टक्कर दिली. घरचे औषध आणि नवे वेष्टण, असा तो मेळ.

आपल्याकडे बंगालमध्ये १९२९ पासून बोरोलिन, महाराष्ट्रात कैलास जीवन, भाजले की पिवळे बर्नॉल, आणि सर्वत्र कापूस, गॉज नि आयोडीनचे मलम. किराणा दुकानात पट्टी एक-एक सुटी मिळते, कारण गिऱ्हाईक तेवढीच मागते. औषधपाण्याचा बराचसा खर्च आपल्याकडे खिशातूनच होतो. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवा तो उचलते, अमेरिकेत वृद्धांसाठी सरकारी विमा आहे. म्हणून महागड्या पट्ट्या तिकडे खपतात. मागणी नुसत्या जखमेवर ठरत नाही, पैसे कोण भरतो यावर ठरते.

खपली धरू द्यायची की नाही?

‘जखम उघडी ठेवा, वारा लागू द्या, खपली धरली की बरी होते’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. १९६२ साली इंग्लंडमधील जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांवर प्रयोग केला. काही जखमा उघड्या ठेवल्या, काहींवर पातळ प्लॅस्टिकचा पापुद्रा बसवला. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी कातडी जवळपास दुप्पट वेगाने आली. कारण साधे आहे. कोरड्या खपलीखालून नव्या पेशींना वाट काढत जावे लागते, ओलाव्यात त्या सरळ सरकतात.

या एका प्रयोगाने बाजार बदलला. जखमेतले पाणी शोषून मऊ लगदा होणाऱ्या पट्ट्या दवाखान्यांत आल्या. जपानमध्ये २००४ पासून त्या घरगुती वापरासाठी दुकानात मिळू लागल्या. एकदा लावली की चार-पाच दिवस काढायची नाही, अशी ती पट्टी. साध्या पट्टीपेक्षा कितीतरी महाग, तरी तिथली गिऱ्हाइके ती घेतात, कारण वण कमी राहतो. मात्र ओलसर म्हणजे घाण नव्हे. स्वच्छ धुतलेल्या जखमेलाच हा नियम लागू पडतो.

मध सोलापूरचा, बाजार न्यूझीलंडचा

आता आपल्या जिव्हाळ्याचा विषय. १९९१ साली सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या १०४ रुग्णांचा अभ्यास इंग्लंडच्या शल्यचिकित्सा मासिकात छापला. निम्म्यांना मध लावला, निम्म्यांना दवाखान्यातले नेहमीचे चांदीयुक्त मलम. मध लावलेल्यांपैकी ९१ टक्के रुग्णांच्या जखमा सात दिवसांत जंतुमुक्त झाल्या, मलमाच्या गटात हे प्रमाण अवघे ७ टक्के होते. असे अभ्यास त्यांनी पुढेही केले. २०१५ मध्ये कॉक्रेन या संस्थेने जगभरचे प्रयोग एकत्र तपासले. वरवरच्या भाजण्यावर मधाने जखम चार-पाच दिवस लवकर भरते, असा निष्कर्ष निघाला. भाजण्यावरचे बरेच प्रयोग एकाच केंद्रातले आहेत, हेही त्यांनी नोंदवले.

पण औषधी मध म्हटला की जगात नाव निघते न्यूझीलंडच्या मानुका मधाचे. तिथल्या वायकाटो विद्यापीठात पीटर मोलन यांनी १९८० च्या दशकापासून त्यावर काम केले. त्यातला जंतुनाशक घटक २००६ च्या सुमारास ओळखला गेला, तेव्हापासून डब्यावर त्याचे प्रमाण आकड्यात छापता येऊ लागले. २००७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मधाच्या जखमपट्टीला परवानगी दिली. २०१८ मध्ये न्यूझीलंड सरकारने मानुका कशाला म्हणायचे याच्या पाच चाचण्या ठरवल्या. त्यांतली एक तर त्या झुडपाच्या परागाच्या डीएनएची.

आणि आपल्याकडे? डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने मधाचे १३ ब्रँड तपासून घेतले. त्यांतले १० शुद्धतेच्या कसोटीला उतरले नाहीत, असे तिने जाहीर केले. कंपन्यांनी ते नाकारले. पण गिऱ्हाइकाच्या मनात एकदा पाल चुकचुकली की भाव मिळत नाही. प्रयोग सोलापुरात झाला आणि पैसा न्यूझीलंडला गेला, त्यामागे हेही एक कारण आहे.

हळदीचा धडा

मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला ‘जखम भरण्यासाठी हळद’ याचे पेटंट मिळाले. आजीच्या डब्यातली हळद कुणाच्या मालकीची? डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने १९९६ मध्ये आव्हान दिले. ‘आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे’ एवढे सांगून भागणार नव्हते, छापील पुरावा लागत होता. परिषदेने ३२ लेखी संदर्भ काढले, त्यात १९५३ सालच्या भारतीय वैद्यक मासिकातला लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंट रद्द ठरले. पुढे २००१ पासून अशा ज्ञानाची संगणकीय नोंद सुरू झाली. धडा असा की जे कागदावर नाही, ते बाजारात आपले नाही.

माशाची कातडी कोट्यवधींची

आइसलँडमध्ये कॉड मासा सोलल्यावर कातडी वाया जाई. एका छोट्या गावातल्या केरेसिस कंपनीने ती शुद्ध करून न भरणाऱ्या जखमांवर लावायला तयार केली. २०१३ मध्ये तिला अमेरिकेत परवानगी मिळाली. २०२३ मध्ये डेन्मार्कच्या कोलोप्लास्ट कंपनीने केरेसिस घेण्यासाठी १३० कोटी डॉलरपर्यंतचा, म्हणजे दहा हजार कोटी रुपयांवरचा, सौदा केला. ब्राझीलमध्ये भाजलेल्या रुग्णांवर तिलापिया माशाची निर्जंतुक कातडी वापरून पाहिली गेली. हा तिलापिया म्हणजे उजनीतली आपली चिलापी! उद्या चिलापीची कातडी विकून बंगला बांधता येईल असे कुणी समजू नये. आइसलँडच्या कंपनीने विकली ती नुसती कातडी नव्हे. त्या पैशात निर्जंतुकीकरण, चाचण्या आणि वर्षांची मेहनत आहे.

आपल्याला काय घेण्यासारखे

अमेरिकेत मोठा पैसा जातो तो कापलेल्या बोटावर नव्हे, मधुमेह्यांच्या पायावरच्या जखमांवर आणि अंथरुणाला खिळलेल्यांच्या जखमांवर. ते दुखणे आपल्या वेशीत आले आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात १० कोटींवर मधुमेही आहेत. ग्रामीण भागातही शंभर प्रौढांत जवळपास नऊ. अनवाणी चालणाऱ्या मधुमेह्याच्या पायात काटा मोडला तरी त्याला कळत नाही, कारण पायाची जाणीव गेलेली असते. वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर काम करताना डॉ. पॉल ब्रँड यांनी हेच दाखवले होते. वेदना कळत नाही म्हणून जखम वाढते. मऊ रबराच्या चपला हा त्यावर त्यांचा उपाय. महागड्या पट्टीपेक्षा ती चप्पल स्वस्त पडते, आणि पाय वाचतो.

शेतकरी बांधवांनी एवढे करावे. जखम झाली की आधी वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवावी, स्वच्छ फडक्याने दाबून रक्त थांबवावे, झाकावी. माती, शेण, चुना, तंबाखू, रॉकेल लावू नये, मातीतून धनुर्वात होतो. बरणीतला मध किंवा डब्यातली हळदही उघड्या जखमेवर नको. औषधी मध किरणांनी निर्जंतुक केलेला असतो, घरचा नसतो. जखम खोल वा मातीची असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. कुत्रे चावले तर पंधरा मिनिटे साबण-पाण्याने धुवून लगेच रेबीजची लस घ्यावी. मधुमेह्याने रोज रात्री तळपाय बघावेत, दिसत नसतील तर घरच्यांनी बघावेत.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी ऊसतोडीच्या हंगामात टोळ्यांच्या अड्ड्यावर निर्जंतुक गॉज, पट्टी, साबण नि पाणी ठेवावे. ग्रामसभेत मधुमेहाची तपासणी आणि पायाची तपासणी हे दोन विषय एकत्र घ्यावेत. त्याला मोठा निधी लागत नाही.

राहिला मालाचा प्रश्न. सांगली आणि वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. २०२२ मध्ये महाबळेश्वर तालुक्यातले मांघर मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. पाया आहे. आता फवारणीची नोंद, औषधांचे अवशेष तपासल्याचा दाखला, आणि कुठल्या फुलाचा मध याचा पुरावा हवा. गटाने एकत्र येऊन तपासणीचा खर्च वाटून घेतला तर तो झेपतो. जगाच्या जखमेवर आपले औषध चालते, हे सोलापूरच्या डॉक्टरांनी १९९१ मध्येच दाखवले. ते बाजारात न्यायचे, तर पिंपावर भेसळ नसल्याचा कागद चिकटवावा लागेल.