शाळा नाही, तर फुटबॉलही नाही?

आपल्याकडे वयाच्या चौदाव्या वर्षी दोन गोष्टी एकदम घडतात. शिक्षण हक्क कायद्याने दिलेली मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाची हमी ६ ते १४ या वयापुरती आहे, ती तिथे संपते. आणि बालकामगार कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीनंतर चौदाच्या आत कामाला बंदी असली, तरी चौदा ते अठरा या वयात फक्त धोक्याच्या कामांना बंदी आहे, बाकीची कामे करता येतात. म्हणजे शाळेचे दार ज्या दिवशी सैल होते, त्याच दिवशी कामाचे दार किलकिले होते. आठवी झालेल्या मुलाच्या घरी पैशांची ओढाताण असेल, तर तो कोणत्या दारातून जाईल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

रांजणगाव गणपतीजवळचे कारेगाव पाहा. शेजारीच औद्योगिक वसाहत. मराठवाडा-विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेली कुटुंबे अशा गावांतून एकेका खोलीत भाड्याने राहतात. आईवडील शिफ्टमध्ये. काम सुटले की खोली सुटते, खोली सुटली की मुलाची शाळा सुटते. दाखला मागच्या गावी राहतो. तो मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असे कायदा सांगतो. पण हे त्या आईवडिलांना कोणी सांगितलेले नसते. अशा मुलाला शाळेत टिकवायला पुस्तके, गणवेश, खिचडी हे सगळे लागतेच. पण त्याची वाट पाहणारे, तो आला नाही तर विचारणारे एखादे मोठे माणूसही लागते. फुटबॉलच्या निमित्ताने असे माणूस उभे करता येते, हे महाराष्ट्रात दोन ठिकाणी दिसले आहे. गंमत म्हणजे या दोन्ही ठिकाणच्या वाटा एकमेकींच्या उलट आहेत.

पहिले ठिकाण नागपूर. विजय बारसे हे तिथल्या हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक होते. २००१ साली पावसात आडोशाला उभे असताना त्यांना झोपडपट्टीतली मुले एका फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना दिसली. त्यांनी मुलांना फुटबॉल दिला. त्यांच्या लक्षात आले ते साधेच होते: जोवर ही मुले खेळतात, तोवर ती व्यसनापासून आणि भांडणांपासून लांब असतात. पुढे त्यांनी झोपडपट्ट्यांतल्या संघांची स्पर्धा घेतली, तिला सव्वाशेहून अधिक संघ आले. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी नागपूरजवळ बोखारा येथे जागा घेतली. 'स्लम सॉकर' या नावाने हे काम जगाला माहीत झाले, २०१६ साली त्याला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. नागराज मंजुळे यांचा २०२२ चा 'झुंड' हा चित्रपट याच कामावरून सुचलेला, त्यामुळे अमिताभ बच्चन यांचा चेहरा आता लोकांना बारसे सरांच्या आधी आठवतो. चालायचेच.

नागपूरच्या वाटेचे वैशिष्ट्य असे की मैदानावर यायला अट नव्हती. शाळेत जातोस का, घरी कोण आहे, पोलिसांत नाव आहे का, हे आधी कोणी विचारले नाही. बेघर आणि वंचित खेळाडूंसाठी 'होमलेस वर्ल्ड कप' नावाची जागतिक स्पर्धा २००३ साली ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात सुरू झाली. तिच्यात एका बाजूला चारच खेळाडू असतात, गोलकीपर धरून. मैदान जेमतेम २२ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद, सामना सात-सात मिनिटांच्या दोन डावांचा. नागपूरची मुले या स्पर्धेपर्यंत पोहोचली. २०१० साली रिओ द जानेरोमध्ये भारताच्या संघाचा कप्तान होता तो एकेकाळी गुन्हेगारीत अडकलेला नागपूरचाच तरुण. पुढे तो मुलांना शिकवू लागला. त्याला आधी शाळेचा दाखला मागितला असता, तर तो मैदानाच्या कडेलाही थांबला नसता.

दुसरे ठिकाण मुंबई. कफ परेडच्या उंच इमारतींना लागून आंबेडकर नगर ही झोपडपट्टी आहे. तिथे वाढलेल्या अशोक राठोड यांनी बरोबरीचे मित्र शाळा सोडून ससून डॉकवर कामाला लागताना, जुगार आणि दारूकडे वळताना पाहिले. २००६ साली, स्वतः कॉलेजात असतानाच, त्यांनी अठरा मुलांना घेऊन फुटबॉल सुरू केला. त्याचीच पुढे 'ऑस्कर फाउंडेशन' ही संस्था झाली. तिची अट एका ओळीत मावते: शाळा नाही, तर फुटबॉल नाही. रोज खेळायचे असेल तर रोज शाळेत जायचे.

ऐकायला ही अट कडक वाटते, आणि ती आहेच. पण तिच्यामागचा हिशेब पाहा. 'शीक, म्हणजे पुढे चांगले दिवस येतील' हे बारा वर्षांच्या मुलाला पटत नाही. पुढे म्हणजे केव्हा? त्याच्या ओळखीत शिकून चांगले दिवस आलेला माणूस बहुधा नसतो. 'आज शाळेत गेलास तर आज संध्याकाळी खेळशील' हे मात्र लगेच कळते. शिवाय ही अट घालणारा बाहेरून आलेला साहेब नव्हता, शेजारच्या गल्लीतला दादा होता. त्याला खोटे सांगून चालत नाही, कारण त्याला घर माहीत असते. माझ्या मते अटीचे निम्मे बळ या ओळखीत आहे. हीच अट एखाद्या कंपनीने फलकावर लिहून लावली, तर तिचा काही उपयोग होईल असे मला वाटत नाही.

मग कारेगावसारख्या गावाने कोणती वाट धरावी? सरकारी क्रीडास्पर्धांनी हा प्रश्न आधीच निकालात काढला आहे. सुब्रतो चषक असो वा जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या शालेय स्पर्धा, तिथे मूल शाळेच्या पटावर असावेच लागते. दहावी-बारावीला मिळणारे खेळाचे सवलतीचे गुण, सरकारी नोकऱ्यांतले खेळाडूंचे पाच टक्के आरक्षण, ही सगळी शिडी शाळेच्या आवारातूनच सुरू होते. शाळेबाहेरच्या मुलाला तिची पहिली पायरीही दिसत नाही. म्हणून गावातल्या मैदानाने तरी दार उघडे ठेवावे, असे मला वाटते. सुरुवात नागपूरच्या पद्धतीने करावी, कोणालाही खेळू द्यावे. मूल रमले, दोन-तीन महिने नियमाने येऊ लागले, की मुंबईची अट हळूहळू आणावी. पहिल्याच दिवशी अट घातली तर ज्याच्यासाठी हा खटाटोप, तोच परत जातो. आणि अट कधीच घातली नाही तर मैदान हे वेळ घालवायचे ठिकाण होऊन बसते.

इथे एक भ्रम दूर ठेवलेला बरा. कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकला आणि २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. अशी नावे अभिमानाने घ्यावीत, पण ती बोटांवर मोजण्याइतकीच असतात. पालकांना 'तुमचा मुलगा मोठा खेळाडू होईल' असे सांगून मुले गोळा करणे ही फसवणूक आहे. त्यांना सांगायचे ते एवढेच, की मुलगा संध्याकाळी कुठे आहे हे तुम्हाला माहीत असेल आणि त्याची दहावी सुटू नये म्हणून आणखी एक माणूस लक्ष ठेवील.

खेळातून शिकवताही येते. नागपूरच्या संस्थेने गणित आणि इंग्रजी फुटबॉलच्या सरावात गुंफण्याचा उपक्रम केला आहे. परप्रांतातून आलेल्या मुलाला मराठी शाळेत पहिले काही महिने काहीच कळत नाही. मैदानावर मात्र 'इकडे दे', 'मागे बघ', 'डावीकडे' एवढ्या शब्दांत त्याचे काम भागते, आणि महिन्याभरात ते शब्द त्याचे होतात. भाषा शिकण्याची याहून स्वस्त शिकवणी मला माहीत नाही.

मुलींचा प्रश्न वेगळा आहे. त्यांच्यावर धाकट्या भावंडांची आणि चुलीची जबाबदारी असते, आणि लग्नाची बोलणी लवकर सुरू होतात. झारखंडमध्ये रांचीजवळ ओरमांझी भागात 'युवा' या संस्थेने २००९ पासून मुलींना फुटबॉल शिकवला. २०१३ साली त्यांचा संघ स्पेनमधल्या स्पर्धेत तिसरा आला. पण संस्थेला शेवटी २०१५ साली स्वतःची शाळाच काढावी लागली. नुसत्या खेळाने काम भागले असते, तर ती काढावी लागली नसती. आपल्याकडे निदान मुलींच्या सरावाची वेळ त्यांच्या आयांना विचारून ठरवावी, आणि अंधार पडण्याआधी त्यांना घरी पोचवायला कोणी असावे.

खर्चाचे म्हणाल तर चार-पाच चेंडू, एक शिट्टी, हद्द आखायला चुना आणि दोन वह्या. एक वही मैदानाच्या हजेरीची, दुसरी शाळेच्या. दुसरी वही दर शनिवारी वर्गशिक्षकांकडून तपासून घ्यायची. चार खेळाडूंचा खेळ असल्याने शाळेचे पटांगणही पुरते. मोठमोठ्या स्पर्धा, ढोल-ताशे आणि चषक यांवर आपल्याकडे पैसा सहज जमतो. वर्षभर रोज पाच वाजता हजर राहणाऱ्या माणसाच्या मानधनासाठी तो जमत नाही. खरी अडचण तिथे आहे. गावातला दहावी-बारावी झालेला, खेळाची आवड असलेला एखादा तरुण आणि ग्रामपंचायत किंवा एखादी कंपनी, यांची गाठ पडली तर ती सुटू शकते.

आणि ज्याची शाळा सुटून दोन-तीन वर्षे झाली आहेत, त्याचे काय? त्याला पुन्हा आठवीच्या बाकावर बसवणे कठीण. पण दहावीला बाहेरून बसण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म आहे. मंडळाच्या अटींत बसणाऱ्या मुलाला तो भरता येतो. दिवसा काम आणि संध्याकाळी मैदान असलेल्या मुलालाही ही परीक्षा देता येते. हा फॉर्म परीक्षेच्या कितीतरी महिने आधी भरावा लागतो आणि त्याला जुन्या शाळेचा दाखला लागतो, जो लातूरला किंवा यवतमाळला राहिलेला असतो. तो मागवायला वेळ जातो. म्हणून मैदानाच्या वहीत मुलाचे नाव लिहितानाच त्याच्या शेवटच्या शाळेचे नाव आणि गाव लिहून घ्यावे, आणि पत्र त्याच आठवड्यात टाकावे.