किनाऱ्याला किती तारे?

'वेळणेश्वर बरं की गुहागर?' गाडी चिपळूणला वळायच्या आतच मागच्या सीटवरून हा प्रश्न येतो आणि मोबाइल उघडतो. तिथे दोन्ही किनाऱ्यांपुढे तारे मांडलेले असतात. वेळणेश्वरला कुणी एक तारा कापतो, कारण 'पुळण अगदीच अरुंद'. त्याच वेळणेश्वरला दुसरा पाचही तारे देतो, कारण 'केवढी ऐसपैस पुळण!' दोघंही खरंच बोलत असतात. एक भरतीला आला, दुसरा ओहोटीला.

पुळणीची रुंदी कायमची असते, हा पहिला गैरसमज. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ ढोबळमानाने हाती येते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी ओहोटी. पौर्णिमेला भरती सव्वाअकराच्या आसपास, त्यामुळे संध्याकाळी पाणी दूर गेलेलं, पोरांना क्रिकेटला हवी तेवढी जागा. त्यात पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, म्हणून पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त. शनिवार-रविवार बघून येणाऱ्याने पंचांगही बघावं.

हेदवीच्या बामणघळीवर तर यामुळे अन्यायच होतो. खडकातल्या त्या अरुंद घळीत भरतीचं पाणी घुसतं आणि उंच उसळतं. ओहोटीला तिथे नुसती भेग दिसते. 'काही खास नाही' असं लिहिणारा बहुधा त्याच वेळी पोचलेला असतो. (भरतीला जाणाऱ्याने मात्र घळीच्या कडेला उभं राहून सेल्फी काढू नये.)

या बाबतीत गोल्फवाले शहाणे. त्यांच्या मैदानांना 'स्लोप रेटिंग' नावाचा आकडा असतो, 55 ते 155 यांच्या दरम्यान. 113 म्हणजे प्रमाण मानलेलं मैदान. हिरवळ किती देखणी, चहा कसा मिळतो, याच्याशी त्या आकड्याला देणंघेणं नाही. पट्टीच्या खेळाडूच्या मानाने साधारण खेळाडूला मैदान किती जड जाईल, एवढंच तो सांगतो. आपल्या ताऱ्यांत मात्र सूर्यास्त, सोलकढी, पार्किंग आणि पाण्याची ओढ सगळं एकत्र कालवलेलं असतं.

त्यातून दुसरा गैरसमज निघतो, आणि तो जिवावर बेतणारा आहे: 'वेळणेश्वरला खडक नाहीत, म्हणजे पोहायला निर्धास्त.' खडक नसले तर पाय कापत नाही, इतकंच. पुळणीवर चढलेलं पाणी परत जाताना एखाद्या वाटेत एकवटतं. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, पाणी शांत दिसतं, आणि नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. ओढ लागलीच तर किनाऱ्याकडे झगडत बसू नये, दम संपतो. किनाऱ्याला समांतर सरकत त्या पट्ट्याबाहेर पडावं. शिवाय पावसाळ्यात वाळू इकडची तिकडे होते, त्यामुळे गेल्या वर्षीचा अनुभव यंदा कामाचा नाही. 1 जूनपासून यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. ज्या दर्यात त्या जात नाहीत, तिथे आपण ट्यूब घेऊन उतरावं का?

'ब्लू फ्लॅग' मिळाला म्हणजे सर्वांत सुंदर किनारा, हेही तसंच. डेन्मार्कमधली संस्था 33 निकषांवर हे मानांकन देते: पाण्यातले जिवाणू, कचरा, शौचालयं, जीवरक्षक वगैरे. दृश्याला गुण नाहीत, आणि मानांकन दर हंगामाला नव्याने मिळवावं लागतं. भारतात पहिले आठ किनारे 2020 मध्ये त्यात आले, महाराष्ट्रातला एकही नव्हता. 2025 मध्ये गुहागर आणि लाडघरची नावं आली ती प्रायोगिक टप्प्यासाठी. वेळणेश्वर त्या यादीत नाही, याचा अर्थ ते घाण आहे असा होत नाही.

घाणीवरून आठवलं. वाळूतली काळी रेघ दिसली की लगेच 'प्रदूषण' म्हणून तारा जातो. मालगुंड, काळबादेवीकडे हा काळा रंग इल्मेनाइट या खनिजाचा आहे. चिमूटभर वाळू चोळा, हात कोरडाच राहतो. पावसाळ्याच्या तोंडाला लागणारे डांबराचे गोळे वेगळे. ते समुद्रात सांडलेल्या तेलाचे असतात आणि तळपायाला चिकटतात. साबणाने घासत बसू नका, खोबरेल लावा.