घडणीची वर्षं (लेखांक ५) : रानड्यांची बंद पडलेली शिष्यवृत्ती

फेलोशिप हा शब्द खोपोलीत अलीकडे ऐकू येऊ लागला असला, तरी त्याचं एक मूळ आपल्याच घाटवाटेवर आहे. बोरघाट चढून पुढे गेलं की तळेगाव. तिथले खंडेराव दाभाडे विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा देत. पेशव्यांनी ती प्रथा उचलली आणि श्रावणात पुण्याला शास्त्री-भिक्षुकांची रीघ लागू लागली. नाना फडणवीसांनी खोपोलीत घाटाच्या पायथ्याशी तळं आणि महादेवाचं देऊळ बांधलं. कोकणातून निघालेली मंडळी चढणीआधी तिथे टेकली नसतील तरच नवल!

1818 नंतर इंग्रजांनी ही दक्षिणा एकदम मोडीत काढली नाही. तिच्यातून 1821 मध्ये पुण्याची पाठशाळा निघाली, पुढे मराठी ग्रंथांना बक्षिसं मिळू लागली आणि मुंबई विद्यापीठ सुरू झाल्यावर दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले. दान आता परीक्षेतल्या गुणांवर मिळू लागलं. अर्थात त्या परीक्षेपर्यंत पोचणारी मुलंही बहुतेक त्याच घरांतली. फेलोनं स्वतः शिकायचं आणि खालच्या वर्गांना शिकवायचंही, अशी ती सोय होती. रामकृष्ण गोपाळ भांडारकर या वाटेनं गेले आणि महादेव गोविंद रानडेही.

एल्फिन्स्टन कॉलेजात असताना रानड्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्यकारभाराची इंग्रजी अमलाशी तुलना केली आणि ती इंग्रजांना झोंबली. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट एरवी या विद्यार्थ्यावर खूश असत. पण त्यांनी रानड्यांची कानउघाडणी केली आणि शिष्यवृत्ती सहा महिने बंद ठेवली. ज्याच्या पैशानं शिकायचं त्याच्याबद्दल खरं किती बोलायचं, हा प्रश्न त्या पोराला कॉलेजातच पडला. पुढचा सगळा जन्म त्यांनी याच प्रश्नाशी झुंजत काढला, असं मला वाटतं. सरकारी नोकरी सोडली नाही. 1871 मध्ये न्यायाधीश म्हणून पुण्यात आले, 1893 मध्ये हायकोर्टात बसले. त्याच वेळी सार्वजनिक सभेच्या मागे राहून शेतकऱ्यांच्या हलाखीवर आकडेवारीनिशी अर्ज आणि अहवाल तयार करवले. आणि 1900 मध्ये मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावर ग्रंथ लिहून त्या जुन्या विषयाला पुन्हा हात घातला.

आजची महाराष्ट्र सरकारची मुख्यमंत्री फेलोशिप 2015 मध्ये सुरू झाली, 2020 मध्ये थांबली आणि 2023 पासून पुन्हा चालू आहे. वय 21 ते 26, जागा साठ, मुदत वर्षभराची. दर्जा गट-अ अधिकाऱ्याच्या बरोबरीचा, पण सही चालत नाही आणि वर्ष संपल्यावर नोकरीचा हक्कही नाही. जाहिरातीत नेतृत्व वगैरे शब्द असतात, ते बाजूला ठेवा. खरं शिक्षण या सही न चालण्यातच आहे.

समजा, असा एखादा फेलो अलिबागच्या जिल्हाधिकारी कार्यालयातून खालापूर-कर्जतच्या कातकरी वाड्यांवर जातीच्या दाखल्यांचं काम बघायला आला. जानेवारीत शिबिर लावलं, तर निम्म्या घरांना कड्या. माणसं दिवाळीनंतरच वीटभट्ट्यांवर गेलेली, येणार ती पावसाच्या तोंडावर. जी भेटतात त्यांच्याकडे 6 सप्टेंबर 1950 च्या आधीच्या वास्तव्याचा पुरावा मागायचा. आजा कधी शाळेत गेला नाही, सातबारा कधी नावावर नव्हता. मग गृहचौकशी, तलाठ्याचा जबाब, प्रांत कार्यालयाची फेरी. हुकूम सोडता येत नाही, म्हणून शिरस्तेदाराला चहा पाजत विचारावं लागतं की फाइल नेमकी कुठल्या टेबलावर अडलीय. शिबिराची तारीख पावसाळ्यात न्या, एवढी साधी सूचना गळी उतरवायलाही महिना जातो.

हे एकदा अंगवळणी पडलं की पुढे तो मुलगा यूपीएससी देवो, एखाद्या संस्थेत जावो की वडिलांचं दुकान सांभाळो, अर्ज कुठे आणि का अडतो हे त्याला कळतं. राजकारणात गेला तर जास्तच कळतं. काहींना मात्र या वर्षात फक्त मोठ्या साहेबांच्या गाडीची सवय लागते, तीही पुढे टिकते.

पुढच्या लेखांकात या फेलोशिपच्या अर्जातल्या निबंधांबद्दल. खालापूरच्या मुलीनं तिथे वीटभट्टीबद्दल लिहायला संकोचू नये, एवढं आताच सांगून ठेवतो.