पन्नास आकड्यांचे कुलूप

२५ ऑक्टोबर २००१ रोजी विंडोज एक्सपी बाजारात आली, त्याला यंदा पंचवीस वर्षे होतात. हिरव्या टेकडीच्या वॉलपेपरच्या आठवणी निघतील, संगणक सुरू होतानाच्या त्या धूनचे गोडवे गायले जातील. पैसे मोजून आणलेले सॉफ्टवेअरसुद्धा विकणाऱ्याने होकार दिल्यावरच चालेल, हा नियमही एक्सपीनेच घरोघरी रुळवला, पण त्याचा वाढदिवस कोणी साजरा करणार नाही. त्या नियमाचे नाव ॲक्टिव्हेशन. आज विंडोज ११ ची होम आवृत्ती असलेला नवा लॅपटॉप उघडला, की इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचे खाते दिल्याशिवाय तो पुढे सरकायला तयार नसतो. विंडोज १० चा आधार तर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी काढूनच घेतला गेला आणि धडधाकट यंत्रे एका दिवसात ‘जुनी’ ठरली. ह्या मिजाशीचे मूळ चोरी रोखण्याच्या त्या उपायात आहे. माझे म्हणणे एवढेच, की त्या उपायाने चोरी फारशी थांबली नाही. थांबली ती विक्री.

त्याआधीचा इतिहास भराभर उरकावा असाच आहे. १९७६ मध्ये तरुण बिल गेट्सने संगणकाच्या छंदिष्टांना उघड पत्र लिहून चोर ठरवले. ऐंशीच्या दशकात कंपन्या फ्लॉपीवर मुद्दाम खराब सेक्टर ठेवू लागल्या, म्हणजे साधी कॉपी केली की ती चालू नये. लगोलग ही कुलुपे उघडणारे प्रोग्रामही राजरोस विकले जाऊ लागले, गिऱ्हाईक वैतागले आणि दशक संपेपर्यंत बहुतेक मोठ्या कंपन्यांनी तो नाद सोडला. आपल्याकडे १९८४ मध्ये सॉफ्टवेअर कॉपीराइट कायद्याखाली आले. पुढच्या दुरुस्तीने, मे १९९५ पासून, चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवसांची कैद लिहून ठेवली. तरतूद कडक, पण बजावणार कोण, हा प्रश्न कोणी फारसा विचारला नाही.

नव्वदच्या दशकातली एक वस्तू मात्र थांबून पाहण्यासारखी आहे: डीटीपीवाल्यांचे ‘लॉक’, म्हणजे डोंगल. संगणकाच्या पाठीमागे २५ पिनांच्या पॅरलल पोर्टला दोन स्क्रूंनी आवळलेली आगपेटीएवढी डबी आणि तिच्या पाठीला लावलेली प्रिंटरची केबल. डबी काढली की मराठी टाइप होणे बंद. पुण्यात तयार झालेल्या श्रीलिपीसारख्या पॅकेजांचा धंदा अशा लॉकवर उभा होता. गंमत म्हणजे अनेक छापखान्यांत पेजमेकर आणि कोरल ड्रॉ फुकटातले असत आणि मराठी तेवढी विकतची. त्या लॉकची थोरवी आज कळते. ज्याच्या हाती डबी, त्याचा हक्क. कोणाला फोन नाही, कोणाला हिशेब नाही, धंदा विकला तर लॉकही नव्या मालकाकडे जाई. पण एक दुखणे तेव्हाच सुरू झाले आणि त्याबद्दल फॉन्टवाल्यांना मी माफ करणार नाही. आयएससीआयआय हे प्रमाण १९९१ पासून उपलब्ध असताना प्रत्येकाने अक्षरांची आपली वेगळी सांकेतिक मांडणी केली. त्यामुळे एका पॅकेजमध्ये टाइप केलेला दिवाळी अंक दुसऱ्या यंत्रावर उघडला की रोमन अक्षरांचा चिवडा दिसे. कुलूप होते सॉफ्टवेअरला, कोंडला गेला तो मजकूर. पुढे संगणकांवरून पॅरलल पोर्टच गेला, आणि जुन्या फायली उघडण्यासाठी एक्सपीचे एखादे म्हातारे यंत्र जिवंत ठेवणे हा कित्येक छापखान्यांचा जोडधंदा झाला.

आता २००१ नंतरचे दशक. एक्सपीचे ॲक्टिव्हेशन असे चाले: पंचवीस अक्षरांची प्रॉडक्ट की टाकायची, मग सॉफ्टवेअर तुमच्या यंत्राचे दहा भाग पाहून त्यांचा ठसा तयार करी. तीस दिवसांत तो ठसा कंपनीकडे पोहोचला नाही, तर दार बंद. इंटरनेट नसेल तर फोन. पडद्यावरचे पन्नास आकडे सहा-सहाच्या गटांनी वाचून दाखवायचे, पलीकडून बेचाळीस आकडे ऐकून टिपून घ्यायचे. एक चुकला की तो गट पुन्हा. मदरबोर्ड बदलला की हे सारे पुन्हा, वर आपण चोर नाही हे पटवून देण्याची पाळी. हा जाच कोणाला होता? डबा विकत घेणाऱ्याला. मोठ्या कंपन्यांना वैताग नको म्हणून त्यांच्या व्हॉल्युम लायसन्सला ॲक्टिव्हेशन ठेवलेच नव्हते, आणि तशीच एक की एक्सपी बाजारात येण्याच्या काही आठवडे आधी फुटली. म्हणजे ज्याने चोरली त्याला पहिल्या दिवसापासून बिनकटकटीची प्रत मिळाली. पन्नास आकडे वाचायचे राहिले पावती असलेल्याच्या नशिबी.

पुढच्या वर्षांत ह्याच विसंगतीवर मलमपट्ट्या होत गेल्या. २००५ पासून अपडेट आणि डाउनलोड हवे असतील तर प्रत अस्सल असल्याची तपासणी सक्तीची झाली. २००६ मध्ये तिच्याबरोबर आलेला प्रोग्राम रोज गुपचूप कंपनीशी संपर्क साधतो हे उघड झाल्यावर अमेरिकेत दावे दाखल झाले. ऑगस्ट २००७ मध्ये तपासणी करणाऱ्या सर्व्हरमध्येच बिघाड झाला आणि सुमारे १९ तास रीतसर ग्राहक नकली ठरत राहिले. त्यांची संख्या बारा हजारांच्या आत होती, हा कंपनीचा खुलासा. जणू मुद्दा संख्येचा होता. व्हिस्टामध्ये यंत्र जवळजवळ निकामी करणारी शिक्षा ठेवली होती, ती पहिल्या सर्व्हिस पॅकमध्ये मागे घ्यावी लागली. २००८ मध्ये दर तासाला डेस्कटॉप काळा करण्याचा प्रयोग झाला आणि चीनमध्ये गदारोळ उडाला.

आपल्याकडे ह्याच काळात भारतीय माणूस मुळातच चोर असल्याचा सूर लावला गेला. तो हिशेब चुकता करायला हवा. बिझनेस सॉफ्टवेअर अलायन्स ही विक्रेत्यांचीच संघटना; तिच्या अंदाजानुसार भारतातल्या चोरीचे प्रमाण २००४ मध्ये ७४ टक्के होते, २०११ मध्ये ६३ आणि २०१७ मध्ये ५६. आकडे विक्रेत्यांचे म्हणून थोडे फुगवलेले असतील असे धरले, तरी उतार तेवढा खरा मानू. तो कुलपामुळे आला असता तर कुलूप सर्वांत कडक असतानाच्या वर्षांत धाडकन दिसला असता. तो संथच राहिला, कारण बदलत होती ती संगणक विकत घेण्याची पद्धत: दुकानदाराने जोडून दिलेल्या संगणकाची जागा विंडोजसकटच येणाऱ्या लॅपटॉपने घेतली आणि लायसन्सची किंमत बिलात विरून गेली. शिवाय ही चोरी विक्रेत्यांना नेहमीच नकोशी होती असेही नाही. १९९८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात बोलताना खुद्द गेट्सने चीनबद्दल सांगितले होते, की चोरणारच असतील तर आमचे चोरावे. सवय लागली की वसुली पुढच्या दशकात पाहू. आपल्याकडे ती सवय लावण्याचे काम सरकारी आशीर्वादाने झाले. एमएस-सीआयटी ह्या संगणक अभ्यासक्रमाने तालुक्या-तालुक्यांत विंडोज आणि ऑफिस शिकवले, नोकरीसाठी प्रमाणपत्र लागू लागले, आणि शिकलेल्या मुलाने घरी सराव कशावर करायचा हे कोणी सांगितले नाही. २००५ मध्ये स्वस्तातली स्टार्टर आवृत्ती हिंदीत आली खरी, पण तीत एका वेळी तीनच प्रोग्राम चालत.

ह्यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा, की ॲक्टिव्हेशनचा रोख अट्टल चोरावर नव्हताच. मित्राची सीडी आणून टाकणाऱ्या भल्या माणसाला थोपवणे हा हेतू होता. ते बऱ्याच अंशी साधलेही. छोट्या भारतीय कंपनीला तर कुलपाखेरीज गत्यंतर नसते: बंगळूरच्या टॅलीचेच उदाहरण घ्या. व्यापाऱ्यापासून कर सल्लागारापर्यंत साऱ्यांनी टॅली हातोहात पसरवली. लॉक नसते तर कंपनी टिकली असती का? हे मान्य करायलाच हवे. मात्र टॅलीचे कुलूप नीट पाहा. लायसन्स नसले तर ती शैक्षणिक मोडमध्ये उघडते आणि महिन्याच्या पहिल्या, दुसऱ्या व अखेरच्या तारखेलाच व्हाउचर टाकू देते. शिकणाऱ्याला पुरेसे, धंदा करणाऱ्याला निरुपयोगी. लायसन्स घेतले की ते कायमचे; वार्षिक नूतनीकरण केले नाही तर नव्या सुधारणा बंद होतात, वह्या नाहीत. कुलूप लावूनही विक्री ही विक्री राहू शकते, याचा हा घरचा पुरावा आहे. म्हणून ‘कुलूप की दिवाळे’ हा पर्याय मला पटत नाही.

दुसरा आक्षेप किमतीचा. मे २०१३ मध्ये अडोबीने जाहीर केले, की यापुढे नवी आवृत्ती विकत मिळणार नाही, वर्गणी भरा. फोटोशॉपचा डबा ६९९ डॉलरचा. दरमहा थोडे भरणे नव्या डिझायनरला सोपे, हे खरेच. पण वर्गणी थांबली की स्वतःच्याच फायलींपुढे माणूस हात बांधून उभा राहतो. मुंबईतल्या पागडीच्या भाडेकरूलासुद्धा कायद्याचे संरक्षण असते, घरमालक मनात आले म्हणून त्याला बाहेर काढू शकत नाही. इथे तेही नाही. आणि ही वर्गणी वसूल करता आली ती ॲक्टिव्हेशनचे यंत्र आधीच जागेवर होते म्हणून. फोटोशॉपमध्ये ते २००३ पासून बसवलेले होते. परवानगी विचारण्याची सवय दहा वर्षे लावल्यावर तिला भाडे लावणे अवघड गेले नाही. त्याआधी काही महिने, डिसेंबर २०१२ मध्ये, अडोबीने जुन्या सीएस२ आवृत्तीचा ॲक्टिव्हेशन सर्व्हर बंद केला आणि विकत घेतलेल्यांसाठी बिनकुलपाची आवृत्ती साइटवर ठेवली. जगभर झुंबड उडाली, कंपनीला ‘हे फुकट नाही’ असा खुलासा करावा लागला. तरी हे वर्तन सभ्य होते. इतर किती कंपन्या सर्व्हर बंद करताना एवढे सौजन्य दाखवतात?

आज चित्र असे आहे, की विंडोजचे ॲक्टिव्हेशन चुकवणाऱ्या स्क्रिप्टी गिटहबवर उघड्यावर सापडतात, आणि गिटहब २०१८ पासून मायक्रोसॉफ्टच्याच मालकीचे आहे. घरगुती चोराची कोणाला फारशी फिकीर उरलेली नाही. कुलपाचा खरा उपयोग दुसरीकडे होतो: कॅडसारख्या महागड्या सॉफ्टवेअरमध्ये बसवलेला खबऱ्या कोणत्या कारखान्यात कोणती प्रत चालते हे कळवतो, आणि ती माहिती दिल्ली उच्च न्यायालयातल्या दाव्यांत पुरावा म्हणून येते. त्यात मला गैर वाटत नाही. धंद्यासाठी वापरणाऱ्याने पैसे भरावेत. पण मग घरातल्या, शाळेतल्या, छापखान्यातल्या ग्राहकाला कोंडण्याचे समर्थन कशावर करायचे?

कायद्याने तर त्याला वाट ठेवली आहे. कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ सॉफ्टवेअर रीतसर बाळगणाऱ्याला नुकसान झाल्यास हाताशी असावी म्हणून प्रत काढू देते. सर्व्हरच बंद झाला की त्या प्रतीचा उपयोग शून्य. २०१२ मध्ये आलेले कलम ६५-अ कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगते खरे, पण हेतू हक्कभंगाचा असेल तरच. कायद्याने न रोखलेल्या कामासाठी ते उघडणे त्यातून वगळले आहे. अट एकच: दुसऱ्याला कुलूप उघडायला मदत करणाऱ्याने त्या माणसाचे नाव, पत्ता आणि कारण यांची नोंद ठेवायची. नव्वदच्या दशकातले लॉक हरवलेले शेकडो मराठी अंक त्या जुन्या फायलींत पडून आहेत. एखाद्या मुद्रक संघाने किंवा मोठ्या ग्रंथालयाने वकिलाला विचारून अशी नोंदवही आता घालावी.