पाय सुजले म्हणजे किडनी गेली नव्हे

बेळगावजवळच्या कडोलीकडे हे इतक्या वेळा ऐकू येतं की आता वैताग येतो. ‘बीपीची गोळी चालू केली आणि पाय सुजले. किडनीवर आलं की! बंद करून टाकली मी.’ सांगणारी बाई दिवसभर भाजीच्या रानात उभी असते. संध्याकाळी चप्पल काढली की पट्ट्याचा वळ पावलावर उमटलेला असतो, घोट्याच्या वर अंगठा दाबला तर खड्डा पडतो. सूज खरी आहे, फक्त दोष भलत्यावर गेला आहे.

ही गोळी बहुधा अ‍ॅम्लोडिपिन असते, म्हणजे कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर गटातली. धमनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशींत कॅल्शियम शिरलं की तो स्नायू आवळतो. गोळी हे शिरणं कमी करते, धमनी सैलावते आणि दाब उतरतो. पण बारीक धमन्या जितक्या सैल होतात तितक्या शिरा होत नाहीत. त्यामुळे मधल्या केशवाहिन्यांतला दाब वाढतो आणि त्यांतलं पाणी भोवतीच्या मांसात झिरपतं. उभं राहणाऱ्याच्या घोट्यांत ते साचतं, रात्री आडवं झाल्यावर बरंचसं ओसरतं. ५ मिलिग्रॅमला ही सूज कमी दिसते, १० ला जास्त. पुरुषांपेक्षा बायकांना अधिक. यात किडनीनं काहीही केलेलं नाही.

मग कुणीतरी मेडिकलमधून ‘लघवी होण्याची गोळी’ आणून देतो. अहो, अंगात पाणी जास्त झालेलंच नाही, ते जागा बदलून बसलंय! लघवीच्या खेपा वाढतात, पोटॅशियम जातं, घोटे जवळपास तसेच राहतात. डॉक्टर यावर डोस कमी करतात, गोळी बदलतात, किंवा जोडीला टेल्मिसार्टनच्या गटातलं औषध देतात. ते शिराही सैल करतं, म्हणून सूज उतरते.

तरी शंका असेल तर २००२ साली प्रसिद्ध झालेली ‘ऑलहॅट’ चाचणी पाहा. ३३ हजारांवर रुग्ण, अ‍ॅम्लोडिपिन धरून तीन औषधांची तुलना. किडनी पार निकामी होण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र मधुमेहानं किडनी आधीच दुखावलेली असेल, तर सार्टन गटातली औषधं तिला जास्त सांभाळतात; २००१ च्या एका मोठ्या चाचणीत अ‍ॅम्लोडिपिनला ते जमलं नव्हतं. सांभाळलं नाही याचा अर्थ बिघडवलं असा होत नाही. किडनी खरोखर बिघडवतो तो वर्षानुवर्षं चढलेला दाब, आणि गोळी टाकून नेमकं त्यालाच मोकळं रान दिलं जातं.

सकाळी डोळ्यांभोवती सूज, लघवीला फेस, धाप लागणं किंवा एकच पाय सुजून दुखणं, यातलं काही असेल तर ते गोळीवर ढकलू नका, डॉक्टरांना दाखवा. किडनीची भीतीच असेल तर क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन तपासून घ्या. अंदाजापेक्षा रिपोर्ट बरा.

‘बंद केली, तरी काही झालं नाही’ हा पुढचा दाखला. अ‍ॅम्लोडिपिनची रक्तातली मात्रा निम्मी व्हायलाच ३० ते ५० तास लागतात, म्हणून दाब लगेच उसळत नाही, हळूहळू चढतो. शिवाय चढलेला दाब बहुतेकांना जाणवतच नाही. डोकं दुखलं की गोळी, नाहीतर नको, हा हिशेबही त्यामुळेच फसतो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. या गोळीनं हाडांतलं कॅल्शियम कमी होत नाही. दूध खुशाल प्या. स्वस्त म्हणजे हलकी हेही खोटं: २०१७ मध्ये देशात सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात, ज्याच्या पहिल्या टप्प्यात घाटाखालचा सिंधुदुर्गही होता, अनेक राज्यांच्या आराखड्यात पहिली गोळी हीच आहे. छातीत कळ येऊ नये म्हणून ती रोज घ्यायची असते. कळ आल्यावर तिचा उपयोग नाही, तिथे डॉक्टरांनी दिलेली जिभेखालचीच गोळी हवी, आणि कळ थांबली नाही तर थेट दवाखाना. याच गटातली डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल नाडी मंद करतात, म्हणून अ‍ॅटेनोलॉलसारख्या गोळीबरोबर ती आपल्या मनानं घेऊ नयेत.

आणि बीपी अचानक वाढलं की याच गटातल्या निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली सोडणं? दाब धाडकन कोसळून त्यातून झटका किंवा पक्षाघात होऊ शकतो. ही पद्धत थांबवावी असं ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात १९९६ सालीच छापून आलं होतं.