तिसऱ्या मजल्यावरची ताई

अमेरिकेतल्या माझ्या पहिल्या कामाची सुरुवात कात्रीने झाली. ऑगस्टचा मध्य, हॉस्टेल अजून रिकामं, आणि मी कॉरिडॉरमध्ये फतकल मारून रंगीत कार्डपेपर कापत बसलेली. ३८ मुली, ३८ कागदी पानं, प्रत्येकावर एक नाव. मुली यायच्या आत ती त्यांच्या दारांवर चिकटवायची होती. तिकडे याला ‘डोअर डेक’ म्हणतात. मला हे बालवाडीतलं काम वाटत होतं. तेवढ्यात हॉल डायरेक्टर, म्हणजे इमारतीची पगारी प्रमुख, डोकावून म्हणाली, ‘‘स्पेलिंगं दोनदा तपास. घर सोडून आलेल्या पोरीला पहिल्याच दिवशी दारावर आपलं नाव चुकलेलं दिसलं, की ती वर्षभर तुझ्याकडे फिरकत नाही.’’ मी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली. दोन नावं चुकली होती.

या कामाचं नाव रेसिडेंट असिस्टंट, बोलताना ‘आरए’. विद्यापीठाच्या हॉस्टेलात विद्यार्थ्यांबरोबर राहणारा, स्वतःही विद्यार्थीच असलेला, पण एका मजल्याची जबाबदारी घेतलेला माणूस. एका आरएकडे साधारण तीस ते पन्नास मुलं असतात. ब्रिटनमध्ये अनेक ठिकाणी अशा माणसाला सबवॉर्डन म्हणतात, तर ऑक्सफर्डच्या कॉलेजांत ज्युनियर डीन. नावं वेगळी, व्यवहार बहुतेक ठिकाणी सारखाच: पगाराऐवजी खोली. मला खोली आणि मेसचं कार्ड मिळालं, रोख काही नाही. अर्जातल्या प्रश्नांचा सूर सेवेचा होता, नोकरीचा नव्हता. मी सेवाभावाने अर्ज केला असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. सांगलीहून कर्ज काढून एम. ए. करायला गेले होते. घरभाडं आणि दोन वेळचं जेवण सुटणार हे मला पुरेसं होतं. एफ-१ व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही, आणि आरएचं काम त्यातच धरतात. तेव्हा हे पत्करलं की लायब्ररीतलं किंवा कॅफेटेरियातलं ताशी पैसे देणारं काम बहुतेक विसरायचं.

पुण्यात मी मुलींच्या हॉस्टेलात चार वर्षं काढली होती, त्यामुळे हॉस्टेल म्हणजे रेक्टर, ही माझी समजूत. आमच्या रेक्टरबाई रात्री साडेआठला लोखंडी फाटकाला कुलूप घालायच्या आणि किल्ली कमरेला खोचायच्या. उशीर झाला की वहीत नाव, तिसऱ्यांदा झाला की घरी पत्र. अमेरिकेत असलं काही नसणार, असं मी धरून चालले होते. पण तिथेही हे सगळं होऊन गेलेलं आहे. १९५०च्या दशकातही मुलींच्या हॉस्टेलांत ‘हाउसमदर’ नावाची प्रौढ बाई राहायची आणि रात्री परतायची वेळ ठरलेली असायची. मुलींना कडक, मुलांना सैल किंवा अजिबात नाही. कॉलेज हे आईबापांच्या जागी आहे, हे तत्त्व कोर्टालाही मान्य होतं. त्याला तडा गेला तो मुलींच्या कुलपावरून नाही, तर एका उपाहारगृहावरून. १९६० साली अलाबामातल्या माँटगोमेरीत कृष्णवर्णीय विद्यार्थी कोर्टाच्या इमारतीतल्या, फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या उपाहारगृहात जाऊन बसले. त्यांच्या सरकारी कॉलेजने काही जणांना सुनावणीही न देता काढून टाकलं. १९६१च्या ‘डिक्सन’ खटल्यात अपील कोर्टाने सांगितलं, सरकारी कॉलेजला असं काढून टाकता येणार नाही. आधी नोटीस द्या, म्हणणं ऐका. विद्यार्थी लेकरू नाही, नागरिक आहे, हा विचार तिथून रुजत गेला. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत परतायच्या वेळा गेल्या, हाउसमदर गेल्या. पण अठरा वर्षांची शेकडो मुलं एका इमारतीत ठेवायची तर रात्री कुणीतरी लागतंच. आईची जागा गेली, तिथे ताई-दादा आले.

ताईला अधिकार काय? जवळजवळ काहीच नाही. आमच्या प्रशिक्षणाचे दहा दिवस होते, त्यातला एक खेळ मला अजून आठवतो. तिकडच्या बऱ्याच विद्यापीठांत तो चालतो; नाव ‘बिहाइंड क्लोज्ड डोअर्स’, बंद दारांमागे. जुने आरए एकेका खोलीत शिरून दार लावून घेतात आणि नाटक करतात: इथे दारूची पार्टी, तिथे दोन रूममेटांचं भांडण, पलीकडे एकटीच रडणारी मुलगी. नव्याने दार वाजवायचं आणि आत काय आहे ते बघून वागायचं. मी पहिल्या दारावर इतकं हळू वाजवलं, की आतल्या नटांनी ‘बाहेर कुणी आहे का?’ म्हणून स्वतःच दार उघडलं. दुसऱ्या खोलीत मी एका ‘दारुड्या’च्या हातातली बाटली काढून घेतली, तर शिट्टी वाजली. हात लावायचा नाही. बाटली त्यालाच ओतायला सांगायची आणि आपण नोंद करायची. १९८४च्या केंद्रीय कायद्यानंतर अमेरिकेत दारूचं वय सगळीकडे २१ झालं आणि हॉस्टेलातली बहुतेक मुलं त्याखालची. त्यामुळे आरएच्या शनिवार रात्री अशा नोंदींतच जातात. मुलांच्या भाषेत ‘राइट-अप’. ज्या मुलीला सकाळी फॉर्म भरायला मदत केली, तिचंच रात्री नाव लिहायचं. या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट मला हीच वाटली.

राउंड घेताना एक गोष्ट सक्तीची होती: जिन्याकडची आणि मागची दारं खरंच बंद आहेत ना, हे ढकलून बघायचं. ही दारं आपोआप लागतात, पण मित्रांना आत घ्यायला कुणीतरी फटीत चप्पल नाहीतर पिझ्झाचा खोका सरकवतं. मला ही नसती कटकट वाटायची, ती जीन क्लेरीची हकीकत ऐकेपर्यंत. पेनसिल्वेनियातल्या लीहाय विद्यापीठात शिकणारी ही १९ वर्षांची मुलगी. ५ एप्रिल १९८६ रोजी पहाटे तिच्या हॉस्टेलच्या खोलीत तिच्यावर अत्याचार करून तिचा खून झाला. करणारा त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी होता. एकामागोमाग तीन दारं ओलांडून तो आत आला. तिन्ही आपोआप कुलूपबंद होणारी, तिन्ही खोके लावून उघडी ठेवलेली. तिच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि १९९०मध्ये कायदा झाला: केंद्राची मदत घेणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाने आपल्या आवारातल्या गुन्ह्यांचे आकडे दरवर्षी जाहीर केलेच पाहिजेत. या क्लेरी कायद्यानुसार आरएसुद्धा गुन्हा कळवण्याची जबाबदारी असलेला माणूस ठरतो. मुलाला अमेरिकेला पाठवणाऱ्या पालकांनी विद्यापीठाच्या क्रमवारीबरोबर हा अहवालही उघडून पाहावा. तो वेबसाइटवर कुणालाही वाचता येतो.

आणि अलार्म. पहिल्या हिवाळ्यात आमच्या इमारतीचा अलार्म इतक्यांदा वाजला, की मी मोजणं सोडलं. बहुतेक वेळा कारण एकच, मायक्रोवेव्हमध्ये करपलेलं पॉपकॉर्न. एकदा मात्र मीच गुन्हेगार. तळघरातल्या सामाईक स्वयंपाकघरात वरणाला फोडणी देत होते. मोहरी तडतडली, मिरची जळली, ठसका लागला आणि सगळी इमारत पायजम्यांवर बर्फात उभी. हातात डोक्यांची यादी घेऊन मीच माझ्या मुली मोजतेय, अंगाला हिंगाचा वास. कुणी काही बोललं नाही, पण अग्निशमन दलाचा माणूस जाताना म्हणाला, ‘‘वास झकास येतोय.’’ हसण्यावारी नेता आलं नाही, कारण प्रशिक्षणात सीटन हॉलबद्दल ऐकलं होतं. न्यू जर्सीतल्या या विद्यापीठाच्या बोलंड हॉलमध्ये १९ जानेवारी २००० रोजी पहाटे आग लागली. खोट्या अलार्मची इतकी सवय झाली होती, की अनेक जण अंथरुणातून लगेच उठलेच नाहीत. तीन मुलं गेली. त्याच वर्षी त्या राज्याने हॉस्टेलांत पाण्याचे फवारे सक्तीचे केले. म्हणून एकविसाव्या अलार्मलाही दारं बडवत ‘उठा, उठा’ करत पळायचं. शिव्या मिळतात. त्या खायच्या.

आगीच्या नियमांतच माझी दिवाळी बसली. खोलीत मेणबत्ती नाही, उदबत्ती नाही, उघडी ज्योत कसलीच नाही. नियम मोडणाऱ्यांची नोंद करणारी मीच, तेव्हा पणती लपवून लावायचीही सोय नाही. बारा बॅटरीच्या पणत्या आणल्या, पिवळ्या प्लॅस्टिकच्या, खाली बारकं बटण. दाराबाहेर मांडल्या. दोन दिवसांनी मोजल्या तर सात उरल्या होत्या; बाकीच्या मजल्यावरच्या इतर दारांबाहेर पोचलेल्या. चोरीची नोंद केली नाही.

संध्याकाळी सात ते नऊ आरएने आपल्या खोलीचं दार उघडं ठेवायचा रिवाज होता. त्यासाठी रबराची पाचर मिळायची. कुणी आलं तर आलं, नाहीतर आपण अभ्यास करत बसायचं. नोव्हेंबरात एक मुलगी स्टेपलर मागायला आली. नेला, आणून दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा स्टेपलर. तिसऱ्या दिवशी तिच्या हातात कागदच नव्हते. मी म्हटलं, ‘‘बसतेस?’’ ती बसली आणि म्हणाली, ‘‘एक सांगते, पण कुणाला सांगायचं नाही.’’

इथे आपल्या तोंडून ‘नाही सांगणार’ निघतंच. कुठलीही ताई हेच म्हणेल. आरएला मात्र ते म्हणायची मुभा नाही. जिवाला धोका असेल किंवा अत्याचार झाला असेल तर वर कळवावं लागतं, आणि तिने तोंड उघडायच्या आधी आपण हे सांगायचं असतं. मी सांगितलं. ती दोन मिनिटं गप्प राहिली, मग बोललीच. ऐकताना प्रशिक्षणातलं दुसरं वाक्य आठवलं: आडून विचारू नका. मी सरळ विचारलं, ‘‘जीव द्यायचा विचार मनात येतो का?’’ असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही भीती खरी नाही. उलट कुणीतरी शब्द उच्चारला म्हणून माणूस मोकळा होतो. ती ‘हो’ म्हणाली. मी तिच्यादेखत ड्यूटीवरच्या डायरेक्टरला फोन लावला आणि समुपदेशक येईपर्यंत तिच्या शेजारी बसून राहिले. अवघा वीस-पंचवीस मिनिटांचा वेळ. उपाय, सल्ला, गीता, काहीही सांगायचं नव्हतं. तिच्यावर उपचार सुरू झाले. त्यानंतर दीड महिना ती माझ्याशी बोलली नाही, कॉरिडॉरमध्ये दिसले की वळायची. मार्चमध्ये एकदा दारात आली, टेबलावर स्टेपलर ठेवला आणि गेली. तो तिच्याकडेच राहिला होता, हे मी विसरले होते. (आता अमेरिकेत ९८८ या क्रमांकावर आणि भारतात टेली-मानसच्या १४४१६ वर अशा वेळी चोवीस तास बोलता येतं. दोन्ही सेवा २०२२पासूनच्या. क्रमांक फोनमध्ये साठवून ठेवावेत.)

एवढं सगळं खोलीच्या बदल्यात? हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट कॅम्पसवरच्या आरएंनी २००२ साली मतदान करून युनियन केली, तेव्हा विद्यापीठाचं म्हणणं होतं, हे विद्यार्थी आहेत, कामगार नव्हेत. आरएंचं म्हणणं, खोली दिल्याने काम काम राहत नाही का? मला त्यांचंच पटतं. सेवा म्हणायची आणि मध्यरात्रीची ड्यूटी चुकली तर खोली काढून घ्यायची, हे दोन्ही एकदम चालत नाही. धोकाही काल्पनिक नाही. व्हर्जिनिया टेकमध्ये १६ एप्रिल २००७ रोजी ३२ जणांचे बळी गेले. त्यांत मुंबईची मीनल पांचाळ होती, तमिळनाडूतून गेलेले प्राध्यापक लोगनाथन होते. त्या सकाळचे पहिले दोन बळी मात्र वर्गात नव्हे, हॉस्टेलात पडले. एक तिथे राहणारी विद्यार्थिनी आणि दुसरा शेजारच्या खोलीतला आरए. आवाज ऐकून तो बघायला गेला असावा, असं मानतात. आवाज आला की जाऊन बघायचं, हेच तर त्याला शिकवलेलं होतं.

आपल्याकडे हॉस्टेलचा विचार बराच काळ रॅगिंगच्या अंगाने झाला. महाराष्ट्राने १९९९मध्ये रॅगिंगविरोधी कायदा केला, यूजीसीचे नियम २००९चे. सीनियरपासून ज्युनियरला वाचवायचं, हा त्यांचा गाभा, आणि तो हवाच होता. आता आयआयटी मुंबईसारख्या ठिकाणी सीनियर विद्यार्थीच नव्यांचे मेंटॉर होतात. हे चांगलंच आहे, पण मेंटॉरलाही आधी दार कसं वाजवायचं ते शिकवावं लागतं आणि रात्री दोनला त्याने कुणाला फोन लावायचा ते ठरलेलं असावं लागतं. नाहीतर वीस वर्षांचा पोरगा एकोणीस वर्षांच्या पोराचं ओझं एकटाच वाहत बसतो.

मागच्या वर्षी पुण्यात रेक्टरबाईंना भेटायला गेले. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झालीत, गुडघे दुखतात, किल्ल्यांचा जुडगा अजून खुंटीला. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘मग रात्री फाटकाला कुलूप कोण लावायचं?’’

‘‘कुणीच नाही, बाई. दारं आपोआप लागतात. पोरी किल्ली आत विसरून बाहेर अडकतात, त्यांना उघडून द्यायचं काम माझं.’’

‘‘रात्रीसुद्धा?’’

‘‘रात्रीच जास्त.’’

‘‘अगं, मग माझ्याकडे काय वेगळं होतं?’’ बाई म्हणाल्या. ‘‘नगरची एक होती. पोटात दुखतंय म्हणून दोन वाजता माझं दार वाजवलं. रिक्षा मिळेना. शेवटी दूधवाल्याच्या टेम्पोत घालून नेली. अपेंडिक्स.’’ मग जरा थांबून, ‘‘त्या रात्री साडेनऊला आली होती. उशिराच्या वहीत नाव लिहिलं होतं मी. सकाळी खोडलं.’’