ट्रॅक्टर-ट्रॉलीचा जुना रंग रसायनाने काढताना

उसाचा गळीत हंगाम संपला की ट्रॉल्या मोकळ्या होतात आणि त्यांच्या डागडुजीची कामे निघतात. खंडेनवमीला औजारांची पूजा करायची तेव्हा ट्रॅक्टर-ट्रॉली रंगवून उभी असावी, असेही अनेकांना वाटते. परंतु दहा-पंधरा वर्षांत थरावर थर चढलेला रंग पॉलिश पेपरने घासून निघता निघत नाही. मग रंगाच्या दुकानातून पेंट रिमूव्हरचा डबा येतो. बाहेर पावसाची रिपरिप असते, म्हणून शेडचे दार लावून काम सुरू होते. नेमका येथेच घात होतो.

मुळात सगळा रंग काढण्याची गरज आहे काय, हे आधी पाहावे. जुना रंग पत्र्याला घट्ट धरून असेल तर तो ओल्या पॉलिश पेपरने खरबरीत करून त्यावरच नवा रंग देता येतो. रंगाचे पोपडे सुटले असतील, खालून गंज फुगला असेल किंवा थर फार जाड झाले असतील, तरच रसायन वापरावे. आमच्या मते बहुतेक ट्रॉल्यांना बॉनेट-मडगार्डएवढ्या सफाईची गरज नसते. सुटलेला भाग खरवडून अस्तर दिले तरी काम भागते.

रिमूव्हरमध्ये काय असते?

झटपट काम करणाऱ्या बऱ्याच रिमूव्हरमध्ये मिथिलीन क्लोराईड हे द्रावण असते. डब्यावर ते डायक्लोरोमिथेन या नावानेही छापलेले असते. ते सुमारे ४० अंश सेल्सिअसला उकळते. म्हणजे उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात सावलीत ठेवलेल्या डब्यातही त्याचा दाब वाढतो. असा डबा आधी थंड जागी ठेवावा, झाकणावर कापड धरावे आणि तोंड बाजूला करून झाकण हळूहळू सैल करावे.

याची वाफ हवेपेक्षा सुमारे तिप्पट जड असते. ती वर उडून न जाता खाली साचते. ट्रॉलीची फाळकी लावून हौद्यात उकिडवे बसून रंग काढणारा माणूस अक्षरशः वाफेच्या हौदात बसलेला असतो. अमेरिकेत २००० ते २०११ या काळात न्हाणीघरातील टबांचा रंग या रसायनाने काढणारे किमान १३ कामगार असेच टबावर वाकून काम करताना दगावले. त्या देशाने २०१९ मध्ये घरगुती वापरासाठी अशा रिमूव्हरची विक्री बंद केली आणि २०२४ मध्ये या रसायनाच्या बहुतेक वापरांवर बंदी घालणारा नियम केला.

ही वाफ आधी गुंगी आणते. डोके जड होते, दारू प्याल्यासारखे वाटते, मळमळते. दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. शरीरात या रसायनापासून कार्बन मोनॉक्साईड तयार होतो, म्हणजे बंद खोलीत शेगडी पेटवून झोपल्यावर जो विषारी वायू माणसाचा जीव घेतो तोच. काम थांबवून मोकळ्या हवेत आल्यावरही तो काही तास रक्तात तयार होत राहतो. म्हणून हृदयविकार असलेल्या माणसाने हे काम हाती घेऊच नये.

तोंडाला बांधलेला रुमाल येथे निरुपयोगी आहे. फवारणीसाठी घेतलेला कोळशाच्या डबीचा मास्कही भरवशाचा नाही, कारण ही वाफ त्या डबीतून फार लवकर आरपार जाते. खरा उपाय मोकळी हवा हाच. ट्रॉली शेडबाहेर उघड्यावर ओढावी, तिन्ही फाळकी पाडावीत, वारा पाठीकडून किंवा बाजूने येईल असे उभे राहावे. पाऊस असेल तर उघडीप मिळेपर्यंत थांबावे. एकट्याने काम करू नये. जवळ विडी-सिगारेट, स्टोव्ह, वेल्डिंग काही नको. ज्योतीतून गेलेल्या या वाफेपासून फॉस्जीनसारखे घातक वायू बनतात.

साधे रबरी किंवा पातळ हातमोजे हे रसायन काही मिनिटांतच आत सोडतात. अनेक पदरी प्लॅस्टिकचे, या द्रावणासाठी म्हणून मिळणारे मोजे आत व जाड रबरी मोजे बाहेर घालावेत. डोळ्यांना चारी बाजूंनी बंद चष्मा, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा हवा.

बेंझिल अल्कोहोलवर आधारलेले रिमूव्हर मिळाले तर ते घ्यावे. ते सावकाश काम करते, कित्येक तास थांबावे लागते, पण घाई नसेल तर तेच बरे. कॉस्टिक सोड्याचे द्रावण स्वस्त पडते. मात्र ते कातडी व डोळे जाळते आणि ॲल्युमिनियमच्या भागांना खाते. त्यातून हायड्रोजन हा पेट घेणारा वायू सुटतो. सोडा नेहमी पाण्यात थोडा थोडा टाकावा, सोड्यावर पाणी ओतू नये.

काम करण्याची पद्धत

टायर, रबरी नळ्या, दिवे, प्लॅस्टिकचे भाग व वायरी चिकटपट्टी आणि प्लॅस्टिकने झाकाव्यात. एका वेळी हातभर रुंदीचाच भाग घ्यावा. रिमूव्हर जाडसर आणि एकाच दिशेने लावावे. ब्रश पुन्हा पुन्हा फिरवू नये. त्यातील मेणाची साय वर धरते आणि द्रावण उडू देत नाही. ती मोडली की रसायन वाया जाते व वाफही वाढते. दहा-वीस मिनिटांत रंग सुरकुततो. मग लांबीच्या पट्टीने तो अलगद खरवडावा. निघाला नाही तर जोर करू नये, दुसरा हात द्यावा. पूर्वी भरलेली लांबीही यात मऊ पडते, हे लक्षात असू द्यावे.

शेवटी डब्यावर सांगितल्याप्रमाणे पत्रा धुऊन पुसावा. मेणाचा अंश राहिला तर नवा रंग पापुद्र्यासारखा सुटतो. कोरडा झालेला उघडा पत्रा दमट हवेत लगेच गंजू लागतो, म्हणून त्याच दिवशी प्रायमरचा हात द्यावा.

खरवडलेल्या रंगाचे काय करावे?

जुन्या पिवळ्या, नारिंगी व लाल रंगांत शिसे असण्याचा संभव मोठा असतो. आपल्याकडे रंगांतील शिशावर २०१७ पासून लागू झालेली मर्यादा घरगुती व सजावटीच्या रंगांपुरती आहे. वाहनांच्या रंगांना ती नाही. म्हणून असा रंग कोरडा घासू नये व जाळू नये. खाली जुने प्लॅस्टिक अंथरून सगळी खरवड त्यावर पाडावी. काम झाल्यावर हात धुऊन कपडे वेगळे धुवावेत. पोरे जवळ येऊ देऊ नयेत.

जनावरांचे तर विशेष सांभाळावे. वासरांना रंगाचे पोपडे व जुन्या बॅटरीच्या प्लेटा चाटण्याची खोड असते. शिशाची विषबाधा झालेले वासरू आंधळ्यासारखे चालते, दात खाते, भिंतीला डोके टेकून उभे राहते, त्याला झटके येतात. असे दिसताच पशुवैद्यकाला बोलवावे आणि रंगकामाची माहिती द्यावी. खरवड व चिंध्या आधी उघड्यावर वाळू द्याव्यात, मग झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भराव्यात. विहीर, ओढा, पाट किंवा उकिरडा यांत त्या टाकू नयेत. उकिरड्यातले सगळे शेवटी शेतातच येते. घातक कचरा घेण्याची सोय तालुक्याला किंवा जिल्ह्याला कोठे आहे, याची नगरपालिकेत चौकशी करावी.

अपघात झाल्यास

काम करणाऱ्यास चक्कर आली तर त्याला मोकळ्या हवेत आणावे. बंद जागेत तो पडला असेल तर आधी दारे-खिडक्या उघडाव्यात, मदतीला माणूस बोलवावा. घाईने आत शिरणारा दुसराही पडतो. डोळ्यांत गेले तर निदान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावेत. पोटात गेले तर उलटी करवू नये. बरे वाटू लागले तरी दवाखान्यात न्यावे, डबा सोबत न्यावा आणि डॉक्टरांना मिथिलीन क्लोराईडचे नाव स्पष्ट सांगावे, म्हणजे ते रक्तातील कार्बन मोनॉक्साईड तपासून प्राणवायू देऊ शकतील.